फळीवर न लिहिलेला दोष

पुंडलिक तायडे कोणाच्याही घरात शिरला की आधी पंखा बंद करायला लावायचा. मग टीव्ही. मग कुलर. मे महिन्यात अकोल्यात कुलर बंद करा म्हणणं म्हणजे घरच्यांचा गळाच धरणं, पण तो ऐकत नसे. घरातली माणसं घामानं निथळत उभी, आणि हा खुर्ची मागून घेऊन फिश टँकच्या बाजूला डोळे मिटून बसलेला. दुपट्टा डोक्याला तसाच गुंडाळलेला. पाच मिनिटं, कधी दहा. लेकरू रडलं तर म्हणायचा, "त्याले बाहेर न्या वो, पानी बोलून राहिलं."

त्याचं काम एवढंच होतं. मासे विकणारे पुष्कळ, काचेच्या टाक्या बनवणारे पुष्कळ. पण मोठी टाकी घरात सांडायला लागली, की अकोल्यात काय अन् अमरावतीत काय, त्याचंच नाव निघायचं.

मोठ्या टाकीची रचना अशी. वर मासे, खाली लाकडी कपाटात दुसरी टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो, त्याच्या काठाला कंगव्यासारखे दात. त्या दातांतून पाणी कप्प्यात पडतं, कप्प्यातल्या पाइपानं खाली उतरतं, गाळलं जातं, आणि मोटर ते परत वर चढवते. हे फिरत राहिलं तर मासे जगतात. कुठं अडलं, तर पाणी तुमच्या बैठकीत येतं.

मी फरशीचा मिस्त्री. चौथी शिकलेला. माझा माशांशी संबंध इतकाच, की सांडलेलं पाणी फरशीखाली शिरतं, फरशी पोकळ वाजायला लागते, आणि मला बोलावतात. म्हणजे आधी तो, मागून मी. असे आम्ही बारा-पंधरा वर्षं एकमेकांच्या मागं फिरलो.

आता तो गेला. त्याच्या आधी माझी बायको सुमन गेली. तिच्या मागं तिचे मासे जगवायचे, एवढंच एक काम मला उरलं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. त्यात पुंडलिकभाऊचा थोडा हात होता, माझा जास्त होता. म्हणून लिहितो आहे.

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते अकोल्याला, जठारपेठेत, एका वकीलसाहेबांच्या घरी. वकीलसाहेबांनी माझं अमरावतीतलं काम पाहिलं होतं, म्हणून तिथून मला बोलावलं. बैठकीतली फरशी दोन वर्षांत दुसऱ्यांदा उखडली होती. त्यांच्याकडे चार फुटांची टाकी, त्यात तळहातापेक्षा मोठे लाल-पिवळे मासे. तीन कारागीर येऊन गेले होते. तिघांनी तीन वेळा मोटर बदलली. टाकी मात्र मनाला येईल तेव्हा सांडायची.

पुंडलिकभाऊ आला. उंच, वाळलेला, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, बोटांना पाइप जोडायचं सोल्युशन वाळून पांढरं झालेलं. बसला, ऐकलं. मग उठून सरळ मीटरपाशी गेला आणि मेन स्विच पाडला. भर दुपारी घर बंद. वकिलीणबाई आतून ओरडल्या, "अहो, फ्रीजमध्ये औषधं आहेत!"

"दोन मिनिटं, बाई. औषध नाही मरत."

"तुमी करून काय राहिले?" मी विचारलं. मी फरशी उकरत बसलो होतो, मलाही अंधारात दिसेना.

"मिस्त्री, लाईट असल्यावर सगळेच शहाने दिसते. गेल्यावर पाहाव कोन काय करते."

आणि खरंच, मोटर बंद झाली तसं वरचं पाणी वर चढवायच्या पाइपातूनच उलटं खाली यायला लागलं. येतच राहिलं. खालची टाकी भरली, कपाटाच्या दारातून धार लागली, माझ्या मांडीखाली आली. आता कळलं. टाकी मनाला येईल तेव्हा सांडत नव्हती. लाईट जाईल तेव्हा सांडत होती. त्या पाइपाला वर एक बारीक भोक असतं. मोटर बंद पडली की त्यातून हवा शिरून उलटं पाणी तुटावं म्हणून. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून ते भोक बुजलं होतं. पुंडलिकभाऊनं वकिलीणबाईंना सुई मागितली. भोक टोकरलं. झालं. ज्या रोगापायी मी चार वेळा फरशी बसवली असती, तो त्यानं एका सुईनं बरा केला.

मग त्यानं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला, कपाटाचं दार उघडलं, आतल्या फळीवर लिहिलं: क्षार. एकच शब्द.

ही त्याची रीत होती. ज्या घरी गेला तिथं कपाटाच्या आत दोष लिहून यायचा. हवा. गोगलगाय. क्षार. पाइपाला उतार नाही. एका ठिकाणी तर "मालक" असंही लिहिलं होतं, कारण मालकच दररोज व्हॉल फिरवून पाहायचा. मी विचारलं, कशाला लिहिता, तर म्हणाला, "उद्या मी नसन. येनाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून कावून सुरुवात करावं?"

आवाजाचं त्याचं शास्त्र त्यानं मला एकदा वाटेत सांगितलं होतं. आम्ही एसटीत होतो. "पाहा मिस्त्री, गुडगुड म्हंजे हवा. भुरभुर म्हंजे कचरा. अन् चुपचाप म्हंजे एकतर सगळं बरोबर, नाहीतर मोठी भानगड." त्याच्या मांडीवर तीन फुटांचे चार पाइप होते. कंडक्टर आला.

"हे काय हाय, बंदुका?"

"पाइप हाय."

"लगेज लागन."

"लेकराचं लागत नाही, याचं कसं लागन? मांडीवर बसले हायेत, गुमान."

कंडक्टरही वऱ्हाडीच. म्हणाला, "मंग त्यायले बिस्कुट चारा, रडतीन नाही तं." पुंडलिकभाऊ त्यावर जो हसला, मूर्तिजापूर येईस्तोवर हसत होता. तो फार हसणारा माणूस नव्हता, म्हणून मला ते लक्षात आहे.

त्याचा एक हट्ट होता. कप्प्यात पाइप दोनच पाहिजेत. एक पाणी नेणारा, आणि दुसरा त्याच्यापेक्षा बोटभर उंच, कोरडा, काहीच न करणारा. पहिला तुंबला, पाणी चढलं, तर दुसऱ्यानं धावायचं. याला तो उपाशी पाइप म्हणायचा. अमरावतीला एक दातांचे डॉक्टर होते, खाली दवाखाना, वर घर. त्यांच्याकडे आम्ही दोघंही कामाला. डॉक्टर म्हणाले, "हा दुसरा पाइप काय करतो?"

"काहीच नाही."

"मग लावायचा कशाला?"

"तो ज्या दिवशी काही करन, त्या दिवशी तुमी मले फोन करसान."

डॉक्टर हसले, नको म्हणाले. पुंडलिकभाऊनं हत्यारं पिशवीत भरली आणि निघाला. अर्धं काम टाकून. मी मागं जिन्यात गाठला. "अहो, एका पाइपासाठी गिऱ्हाईक सोडता?" तर म्हणाला, "मिस्त्री, खाली मानसं तोंड उघडून बसते. वरून मच्छीचं पानी पडन तं?"

दुसऱ्या माणसानं एका पाइपावर काम उरकलं. चार महिन्यांनी एक गोगलगाय त्या पाइपात जाऊन बसली, आणि रविवारभर पाणी छतातून दवाखान्याच्या खुर्चीवर टपकलं. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. मला वाटलं आता हा डॉक्टरांना ऐकवणार. मी तर ऐकायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यानं पाइपाच्या वळणाचा बेंड काढला, गोगलगाय तळहातावर घेतली, डॉक्टरांपुढं धरली. "जिती हाय. हिले दुसरीकडं ठेवा." इतकंच बोलला आणि उपाशी पाइप लावला. आपलं खरं झाल्यावर त्याला बोलायची गरज वाटत नसे. मी असतो तर वर्षभर बोललो असतो.

वकीलसाहेब पुढं मुलाकडे पुण्याला गेले. मोठे मासे कोणाला तरी दिले, टाकी रिकामी राहिली. पुंडलिकभाऊ ती टेम्पोत घालून आमच्याकडे घेऊन आला. मला न विचारता. त्याच्या आदल्या महिन्यात तो आमच्या घरी जेवला होता, तेव्हा सुमननं खिडकीतल्या काचेच्या बरणीतले चार गप्पी मासे त्याला दाखवले होते. "बरणीत काय ठेवता वयनी, जेलात ठेवल्यावानी," म्हणाला होता. माझ्या ध्यानात राहिलं नाही. त्याच्या राहिलं.

आम्हाला लेकरू झालं नाही. यावर जास्त लिहीत नाही. सुमन त्यावर कधी रडली असेल तर माझ्यासमोर रडली नाही.

टाकी बसली ती माझ्या फरशीवर. ती फरशी मी स्वतः घातलेली, सहा महिने रविवारी रविवारी बसून. उरलेले तुकडे जमवून जमवून केलेली नक्षी, हातानं पॉलिश. लोकांच्या घरी मी मिस्त्री होतो, या खोलीत मी मालक होतो. टाकी ठेवताना मी पुंडलिकभाऊला बजावलं, "एक थेंब पडला नाही पाहिजे." त्यानं दोन्ही पाइप लावले, मेन पाडून पाहिला, चढवून पाहिला. नाही पडला.

गप्पी वाढले. त्यांना पिल्लं होतात ती अंड्यातून नाही, सरळ पोटातून, रव्याच्या दाण्याएवढी. सुमन मला हाका मारायची, "अवो, पाहा ना, उलिसे उलिसे हायेत. डोयेच दिसून राहिले फक्त." मी चहा पीत हूं म्हणायचो. मग एक दिवस ती म्हणाली, "ते दात मोठाल्या मच्छ्यायसाठी केलेले हायेत. पिल्लं त्यातून खाली जाऊन राहिली."

"जाऊ दे. पुन्हा होतीन. मासेच ते."

 मी विसरून गेलो.

त्यानंतर टाकी सांडली. सकाळी उठलो तर खोलीत पाणी, माझ्या नक्षीवर पाणी. मी सुमनवर ओरडलो, जसं काही तिनंच बादली ओतली. ती टाकीसमोर उभी, पदरानं हात पुसत. फोन केला, पुंडलिकभाऊ दुपारी आला. बसला, ऐकलं. कप्प्यात हात घातला, दात चाचपले, बोटं वर काढून उजेडात पाहिली. सुमनकडे पाहिलं. सुमननं खाली पाहिलं. मी हे सगळं पाहत होतो आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

"काय होतं?" मी विचारलं.

"क्षार."

"दोन महिन्यांत?"

"तुमच्या बोअरचं पानी लय जड हाय."

तीन महिन्यांनी पुन्हा. पुन्हा तो आला, पुन्हा क्षार. या खेपेला मी दोघांसमोर बोललो. "हे पाहा सुमन, एक ठेव. तुही मच्छी नाही तं माही फरशी. पुन्हा सांडलं तर टाकी विकून टाकीन, तुले इचारनार बी नाही." पुंडलिकभाऊ पाना पुसत होता. पुसतच राहिला.

त्यानंतर वर्षभर नाही सांडलं. पिल्लंही दिसायची, डझनानं. सुमन खुशीत होती. मला वाटलं, दम दिला की कामं होतात.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यात दोनदा दवाखाना, मग तीनदा, मग तिथंच ठेवलं. चौथ्या दिवशी मी कपडे घ्यायला घरी आलो तर फरशीवर पाणी. मी टाकीकडे पाहिलंही नाही, खालचा व्हॉल कोणता ते मला ठाऊक नव्हतं. मेन पाडला, पुंडलिकभाऊला फोन केला, शेजारी किल्ली ठेवली आणि तणतणत दवाखान्यात गेलो. तिच्या उशाशी उभं राहून म्हणालो, "सांडली तुही टाकी. घरी ये, मंग पाहातो मी तिच्याकडे."

ती म्हणाली, "पुंडलिकभाऊले बलावलं का?"

"बलावलं."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली.

ती घरी आली नाही.

त्याच संध्याकाळी मी घरी गेलो होतो तेव्हा टाकी सुरू होती, खोली कोरडी होती. दोरीवर हिरव्या काठाचा एक फडका धुऊन वाळत घातलेला होता. तिचे दिवस झाल्यावर घर आवरताना मी त्याच फडक्यानं फरशी पुसली.

टाकी मी विकली नाही. ती असताना विकायला निघालो होतो, ती गेल्यावर विकवेना. मी रोज दाणे टाकायचो, पंखा बंद करून ऐकायचो, पुंडलिकभाऊसारखा. चुपचाप. एक थेंब सांडला नाही, महिना नाही, सहा महिने नाही, वर्ष झालं तरी नाही. मी लोकांना सांगायचो, पाहा, कशी चालते. पण मासे कमी होत होते. गप्पी दीड-दोन वर्षांवर जगत नाहीत. म्हातारे मरत होते आणि मागून नवीन येत नव्हते. चाळीस होते, ते वीस झाले, मग सात. नर आधी संपले. शेवटी तीन माद्या राहिल्या, पाठीला बाक आलेल्या. माझ्यासारख्या.

तेव्हा मी पुंडलिकभाऊला फोन केला. "पानी सांडत नाही, आवाज नाही, सगळं बरोबर हाय. पन पिल्लं कावून दिसत नाही?"

त्यानं किती उरले ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "येतो."

आला तेव्हा ओळखू येईना. कपातला चहा बशीत सांडत होता. पंखा बंद करायला सांगितलं नाही. मीच केला. तो टाकीजवळ बसला आणि ऐकायच्या ऐवजी त्या तिघींकडे पाहत बसला.

मी पाइप पाहण्यासाठी कपाटाचं दार उघडलं. वर्षभर उघडत होतो, त्या दिवशीच पाहिलं. आतली फळी कोरी होती.

"पुंडलिकभाऊ, तुमी साऱ्या घरी लिहून येता. आमच्या इथं दोन खेपा क्षार निघाला. लिहिला कावून नाही?"

त्यानं बशी खाली ठेवली.

"क्षार नव्हता म्हणून."

मग त्यानं सांगितलं. सुमन दातांवर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायची. पिल्लं खाली जाऊ नयेत म्हणून. कापडातून पाणी जातं, पण दोन-तीन दिवसांत त्याला बुळबुळ धरते, आणि मग ते पाणी अडवतं. पहिल्या खेपेला त्याच्या बोटाला दातात अडकलेला हिरवा धागा लागला होता. मी बाहेर गेलो तेव्हा तिनं त्याला सांगितलं, "भाऊ, यायले सांगू नका. टाकी इकून टाकतीन." त्यानं जाळी लावून पाहिली होती. मोठ्या जाळीतून पिल्लं जायची, बारीक जाळी कापडासारखीच तुंबायची. तेव्हा त्यानं तिला शिकवलं, कापड सैल बांधा, दोन दिवसांआड धुवा. ते वर्षभर चाललं ते माझ्या दमानं नाही. ती दवाखान्यात गेली, धुणारं कोणी राहिलं नाही, तेव्हा सांडलं.

"मीच काढलं ते कापड," तो म्हणाला. "धुवून दोरीवर टाकलं. वयनी घरी आल्या की बांधतीन, म्हटलं."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माह्या घरात, माही बायको, अन् मले चोरून तुमी दोघं..."  आणि मग मला दुसरं कळलं, ते जास्त लागलं. कप्प्यात दोन पाइप होते. उपाशी पाइप असताना पाणी बाहेर पडलं, म्हणजे दोष पाइपात नव्हताच, पाणी कप्प्यात पोचतच नव्हतं, दातांपाशीच अडलं होतं. बारा वर्षं या माणसाच्या मागं फिरून एवढं मला दिसायला पाहिजे होतं. दोन पाइप असलेली टाकी क्षारानं सांडली हे मी ऐकून घेतलं, कारण मला दोष पाहायचा नव्हता, ओरडायचं होतं.

"मंग पिल्लं?" मी विचारलं. "या वर्षभरातली?"

त्यानं खालच्या टाकीतली गाळायची पिशवी काढली. मला म्हणाला, नका पाहू. मी पाहिली. ती मी दर महिन्याला नळाखाली उलटी करून झटकत होतो, गाळ म्हणून. त्या गाळात डोळे होते. मोहरीपेक्षा बारीक, काळे. मी किती महिने ते मोरीत वाहवले, देव जाणे. आणि लोकांना सांगत होतो, पाहा, कशी चालते.

 मग मी आत जाऊन पेटी उघडली. ती गेल्यापासून उघडली नव्हती. एक सुती लुगडं काढलं, त्यानं धरलं आणि मी फाडलं. त्याचे हात थरथरत होते म्हणून गाठ मी मारली, त्यानं सांगितली तशी, सैल.

"नर नाही राहिले," मी म्हणालो.

"या मादीच्या पोटात कधी कधी राहून जाते. नर मेल्यावर बी पिल्लं देते महिने दोन महिने."

"देईन का?"

त्यानं तिघींच्या वाकलेल्या पाठींकडे पाहिलं. "नाही वाटत," म्हणाला. खोटं बोलायचं त्यानं आता सोडलं होतं.

मी त्याच्यापुढं पेन्सिल धरली. म्हटलं, आता तरी लिहा. त्यानं घेतली नाही. "वयनीची गोठ फळीवर नाही लिहायची, मिस्त्री. तो दोष नव्हता."

कापड मी दोन दिवसांआड धुतलं. एक दिवस चुकलो नाही. पोळ्याला पहिली गेली, दसऱ्याच्या आत दुसरी. तिसरी दिवाळीपर्यंत तळाशी बसून होती, मग तीही गेली. एकही पिल्लू झालं नाही. पुंडलिकभाऊ त्याच थंडीत अकोल्यात वारला. मला आठ दिवसांनी कळलं, माशांचे दाणे विकणाऱ्या दुकानात. मी दाणे घ्यायला गेलो नव्हतो, उरलेली पुडी परत द्यायला गेलो होतो. टाकी अजून आहे, कोरडी. तिच्याखालची फरशी ठोकून पाहिली. पोकळ वाजते. मी ती पुन्हा बसवत नाही.

कापड बांधलं त्या दिवशी मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो होतो.  माझा राग गेला नव्हता, आणि तो कोणावर आहे हेही मला नीट कळत नव्हतं. अकोल्याची गाडी लागलेली होती. मी त्याची पिशवी चढवून दिली, तो खिडकीपाशी बसला. मी निघणार, तेवढ्यात तो दांडीला धरून धरून परत खाली उतरला. कंडक्टर म्हणाला, "बुढेबुवा, गाडी सुटून राहिली." त्यानं हातानंच त्याला थांब म्हटलं, आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"मिस्त्री, एक इचारतो. खरं सांगजा. पहिल्याच खेपेला मी तुमाले सांगतलं असतं, का वयनीनं कापड बांधलं, तं तुमी टाकी इकली असती का नसती?"

आजूबाजूला गर्दी होती, उसाच्या रसाची गाडी होती, कोणी तरी भाचीला हाका मारत होतं. खोटं बोलायला सोपी जागा होती.

"इकली असती," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

त्यानं मान हलवली. समाधान झालं असं नाही. कुठं तुंबलं होतं ते सापडल्यावर जशी हलवायचा तशी.

"मंग तिले तेवढे दिवस भेटले," म्हणाला, आणि वळून गाडीत चढला. चढायला त्याला बराच वेळ लागला. मी हात दिला नाही. द्यायला पाहिजे होता.